बहिणीची सही

माय, मी घर घेणार होते. तो व्यवहार मोडला. पैसे परत आले, घर आलं नाही. हे तुला नीट सांगायचं आहे, कारण तू होतीस तोवर घराविषयी आपण कधी नीट बोललो नाही. खोली बदलायची वेळ आली की तू भांडी पोत्यात भरायचीस आणि मी वह्या. त्यात बोलणं राहून जायचं.

एकदाच बोललीस. गावाबाहेर मिरची वाळत घातलेल्या पथारीवर तू दिवसभर देठ खुडायचीस. संध्याकाळी हात इतके जळायचे की पीठ मला मळायला लावायचीस. त्या दिवशी मला निबंधाचं बक्षीस मिळालेलं आहे. प्रमाणपत्राला चौकट आहे, ती टांगायला मी स्वयंपाकाच्या भिंतीत खिळा ठोकते. तू येतेस, हात न धुता सांडशी घेतेस आणि खिळा उपटतेस. भोकात चुना भरून बोटाने सारखा करतेस. म्हणतेस, “भित आपली नई शे.” बस्स. प्रमाणपत्र पेटीत गेलं. पुढे तू गेलीस त्या दिवशी लोकांना बसायला अंगणात ताडपत्री बांधायची होती. मी घरमालकांना विचारायला गेले. ते लगेच हो म्हणाले, चांगले गृहस्थ होते. पण विचारावं लागलं. मरणाच्या दिवशीही कोणाची तरी परवानगी लागते, हे मला तेव्हा कळलं आणि घर घ्यायचं मी तेव्हा ठरवलं. त्यानंतर बरीच वर्षं हायस्कूलच्या पगारातून मागे टाकत राहिले.

घर जुन्या वस्तीत होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. दोघे भाऊ विकणार होते, कारण वडील वारले आणि थोरल्याला सुरतेला, धाकट्याला शहाद्याला राहायचं होतं. बोलणी झाली तेव्हा दलालाने नारळ फोडला आणि थोरल्याच्या बायकोने सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. आपल्याकडे गूळ खाल्ला की सौदा झाला. मी गूळ खाल्ला आणि म्हणाले, उतारा दाखवा. उताऱ्यावर वारस म्हणून तीन नावं निघाली. दोन भाऊ आणि एक बहीण, खापर गावी दिलेली. तिच्याबद्दल तोवर कोणी शब्द काढला नव्हता. थोरला हसला. “तिनी काय चिंता करू नका म्याडम. आखाजीले येईच. तवय सही लई लेसूत.”

त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. बहिणीची सही आपल्याकडे सणात धरलेली असते. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, ती माहेरी येते, झोका खेळते, रस-पोळी खाते, सही करते, साडी घेते आणि जाते. आधी तिला विचारायचं असतं, हे घरातल्या कोणाच्या डोक्यात येत नाही. तिच्याही डोक्यात येत नसावं, असं धरून चालतात.

मी वकीलबाईंकडे गेले. माझ्याच वयाच्या आहेत, कमी बोलतात. त्यांनी उतारा पाहिला आणि म्हणाल्या, “बहिणीने सही केली नाही तर काय, हे आज लिहून घ्या. त्या दिवशी कोणी लिहून देणार नाही.” मग आम्ही साठेखत, खरेदीआधीचा करार, केलं आणि ते नोंदवलं. बहिणीचं हक्कसोडपत्र आणायची जबाबदारी भावांची. ते मिळालं नाही तर इसार पूर्ण परत, ठरल्या मुदतीत. बाकी रक्कम खरेदीखताच्या दिवशीच. इसार मी कमी दिला, आणि तोही चेकने. दलाल म्हणत होता, जास्त द्या, म्हणजे समोरचा बांधला जातो. वकीलबाई म्हणाल्या, जास्त दिलात तर तुम्ही बांधल्या जाल. थोरल्याला हे सगळं लागलं. आमच्या घरात अशी वेळ कधी येणार नाही, असं तो दोनदा म्हणाला. दलालाने विचारलं, मॅडम शाळेत हजेरी घेतल्यावर पोरं पुन्हा मोजता का. सहलीला नेते तेव्हा मोजते, मी म्हणाले. त्यावर तोही हसला आणि त्याने साक्षीदार म्हणून सही केली.

धाकट्याने किल्ली पुढे केली. घर रिकामंच आहे, पावसाळ्याआधी रंग काढून घ्या, ओटा हवा तसा करून घ्या. मी किल्ली घेतली नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वेडी आहेस. भाड्याची खोली सोडते असंही मी मालकांना कळवलं नाही. दुसऱ्याच्या भिंतीला आपला रंग लावायचा नाही, एवढं मला कोणी नव्याने शिकवायची गरज नव्हती.

सणापुरतं भावांनी ते घर उघडलं होतं; आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मला तिथे बोलावलं. तिथून सगळ्यांनी मिळून रजिस्ट्रीला जायचं होतं. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधलेला आहे. बहीण उंबऱ्यावर बसली आहे, नवी साडी मांडीवर तशीच घडी. पन्नाशीची बाई, शेतात राबून काळवंडलेली. थोरला भाऊ सांगतो, रिक्षा आली, चल. ती उठत नाही. भावाला वाटतं पैशाचं आहे. तो तिचा वाटा बोलतो, मग वाढवून बोलतो. ती मान हलवते. मग तो चिडतो. “घरमा तू ऱ्हास कितला दिन? वरीसमा दोन दिन.”

“त्याच दोन दिन मन्हा शेतस,” ती म्हणते. आवाज चढलेला नाही. “हाई घर इकी टाकशात, मंग आखाजीले मी कोना घर येसु?”

थोरल्याने सुरतेला ये म्हणून पाहिलं. तिने सुरतेला निंब कुठे आहे, असं विचारलं. वहिनी आत भांडी आपटत म्हणाली, “रस-पोळी खाईसन बसनी, नि सही नई.” मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकले. आपल्या बोलीत विचारलं, ताई, तुम्हाला काय हवं. काही नाही, ती म्हणाली. माझ्यावर राग नाही, मी घेतलं असतं तर घर चांगलं ठेवलं असतं, तेही तिला दिसत होतं. पण सही नाही. मला तिला समजवायचं होतं. वाक्यं तयार होती, मुलांना समजावते तशी. ती तशीच ठेवून मी उठले. रिक्षा परत पाठवली आणि चालत निघाले.

चालताना मला तुझ्या माहेरची, कोरीटची आखाजी आठवली. मामा स्वतः मुराळी होऊन तुला न्यायला आला होता. एरवी दर वर्षी कोणातरी पोराला पाठवायचा. तू किती खूश होतीस. सण झाला, आणि आम्हाला नंदुरबारला सोडायला आलेला मामा एसटी स्टँडवरून आधी कचेरीत घेऊन गेला. मी बाकावर बसून लिमलेटच्या गोळ्या खाते आहे. तू पदर सारखा करून हळूहळू सही करतेस, एकेक अक्षर. मामा बाहेर येऊन तुला साडी घेतो, मला रिबिनी. खोलीवर आल्यावर मी विचारलं, कशाची सही. तू म्हणालीस, “भाऊनं दार उघडं ऱ्हावाले जोयजे.” दार उघडं राहिलंही, माझं लग्नाचं वय टळेपर्यंत आपण जात होतो. माय, तू सही केलीस आणि खापरच्या बाईने केली नाही. दोघींना हवं होतं ते एकच. मी इतकी वर्षं मुलांना गोष्टींतली माणसं समजावून सांगते, पण हे मला त्या रस्त्यावर चालताना कळलं.

थोरल्याने एक वाट काढून पाहिली. आम्हा दोघांचा हिस्सा तरी घ्या, बहीण पुढेमागे ऐकेल. वकीलबाई म्हणाल्या, घेता येईल, पण मग तुम्ही घर नाही, भांडण विकत घ्याल. मी नको म्हणाले. मुदतीच्या आत थोरला इसाराचा चेक घेऊन माझ्या खोलीवर आला. बसला, चहा घेतला. मग म्हणाला, “तुमी लिखी लिधं ते बरं करं. नई ते मी तुमले तोंड दखाडतू नई.” मला हे सुचलं नव्हतं. तो कागद मी माझ्यासाठी केला होता. त्याने त्या माणसालाही वाचवलं. स्टॅम्पचा खर्च गेला, बँकेने कर्जाच्या फाइलचे घेतलेले पैसे गेले. तेवढं जायचंच असतं, आणि ते जाईल हे मला आधीपासून ठाऊक होतं. रस्त्यात भेटला तर तो आता नमस्कार करतो. मोडलेल्या सौद्यानंतर गावात असं क्वचित होतं.

मी पुन्हा बघते आहे. दलाल तोच. नव्या घरी गेलं की खोल्या बघायच्या आधी मी विचारते, बहिणी किती आणि कुठे दिल्या. लोक चमकतात. परवा एका म्हाताऱ्या आजींनी आतून ऐकलं आणि मला पाणी द्यायला स्वतः बाहेर आल्या. बहिणीला भेटल्याशिवाय इसार द्यायचा नाही, एवढा माझा नियम झाला आहे. दलाल म्हणतो, तुमच्यामुळे माझा खापर-म्हसावदचा प्रवास वाढला. वाढू दे. घर मिळेल. मला त्याची चिंता राहिलेली नाही. घ्यायचं कसं ते कळलं आहे, आणि मोडलं तर उभं कसं राहायचं तेही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटी खरं तेही लिहिते. त्या बाईचा मला अभिमान वाटला, असं मी शाळेत सगळ्यांना सांगते. वाटला, पण तो घरी आल्यावर. उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसले होते तेव्हा मनात एवढंच आलं होतं, की ही माझ्या मायसारखी का नाही.