सूट शून्य

सोमवार

सर्वप्रथम या कागदी टोपीचा मी जाहीर निषेध नोंदवतो. तिचं इलॅस्टिक कान पुढे ढकलतं आणि बावन्न वर्षांच्या सद्गृहस्थाला फ्लॉवरच्या गड्ड्याची कळा आणतं.

बाकी नोकरी झकास. सव्वीस वर्षं पोरांच्या विभक्ती तपासल्या. शाळेनं संस्कृतचा तास बंद केला, आता इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या तपासतो. म्हणजे कॅमेरा तपासतो. पट्ट्यावरून बाटली आली की तो तिचे चार फोटो काढतो, आदर्श नमुन्याशी ताडून पाहतो. तडा किंवा बुडबुडा दिसला की हवेचा एक फूत्कार, आणि बाटली खाली पिंपात. मी काचेच्या बंद खोलीत पडद्यापुढे बसून देखरेख करायची. इथे सगळे मला शास्त्रीबुवा म्हणू लागलेत.

खोलीच्या दारालाही कॅमेरा आहे. चेहरा नमुन्याशी जुळला तरच उघडतं. नमुन्यासाठी माझा फोटो काढला. कलप कालच लावला होता. प्रसन्न हसलो. तिसरा फोटो पसंत केला.

सहाला सुटलो. घरी ही दारातच वाट बघत होती. मुलगी सासरी गेल्यापासून भांडायला तिला माझ्याशिवाय आहे कोण!

मंगळवार

इंजिनिअरनं जाताना 'सूट' समजावली. कुठल्याही दोन बाटल्या हुबेहूब नसतात, म्हणून नमुन्यापासून थोडा फरक चालवून घ्यायचा. इथे तो आकडा बारा. बारा! मी जन्मात कोणाला अर्धा गुण फुकट दिला नाही. त्याची पाठ वळताच शून्य केला. पडद्यानं विचारलं, 'सर्व कॅमेऱ्यांना लागू?' हो, लागू. नियम म्हणजे नियम.

एकूण एक बाटली पिंपात. बाहेर बसणाऱ्या पॅकिंगच्या बाई काचेपाशी येऊन म्हणाल्या, की शास्त्रीबुवा, सगळ्यांनाच नापास केलंत तर मी खोक्यात काय भरू, तुमचे श्लोक? मुकाट्यानं पट्ट्याची सूट परत बारा केली.

बाईंचं म्हणणं, इथे स्वतःच्या डोळ्यांचं ऐकायचं नसतं. एकदा त्यांना बाटलीला तडा दिसला होता. कॅमेऱ्यानं पास केली होती, म्हणून भरली.

मंगळवार, सहा वाजून पाच

दार उघडत नाही. दाराची सूट अजून शून्यच आहे. पडद्यावर माझा चेहरा आणि लाल चौकोन: कानशिलावर एक पांढरा केस, डोळ्यांखाली सुरकुती, हनुवटीवर दिवसभराचे खुंट. दाराचा आकडा बदलायचा तर तोही चेहरा जुळल्यावरच. हसून पाहिलं. लाल.

सव्वासहा

भिंतीवरच्या फोनवरून इंजिनिअरला गाठलं. तो म्हणाला, कशाला गरिबाची थट्टा करता शास्त्रीबुवा, नोंदीत तर तुम्ही सहा वाजून दोन मिनिटांनी बाहेर पडलात.

नोंद पाहिली. 'निर्दोष. बाहेर.' शेजारी फोटो. काळेभोर केस, ते हसू. सहा वाजून दोन मिनिटांनी मी या खुर्चीत बसलो होतो —

साडेसहा

बाई निघाल्या. मी काचेवर थापा मारल्या. थांबल्या. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग त्यांच्या बाजूच्या पडद्याकडे. 'खोली रिकामी.' दिवे मालवून गेल्या.

सात

घरी फोन. म्हटलं, मी बोलतोय. ही म्हणाली, काहीतरीच काय, हे तर इथे बसून भाजी निवडतायत.

मी आयुष्यात भाजी निवडलेली नाही.

तिच्या मागे कोणीतरी हसलं. मग तीही. तिचं असं हसणं ऐकून किती वर्षं —

बुधवार

पट्टा सुरू. बाई खोकी भरतायत, इकडे बघत नाहीत. नोंदीत मी रजेवर.

दार — लाल. खुंट वाढलेत. रोज वाढणार. रोज जास्त —

पुन्हा फोन. लग्नाआधी तिला लिहिलेल्या पत्रातला श्लोक मी चुकवला होता. चूक तिनं पकडली होती. दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नाही. ते सांगितलं.

 ती हळूच म्हणाली, अहो, आता फोन करू नका.

अहो म्हणाली. मला —

बुधवार, नंतर

खरं लिहितो. दार उघडेल की नाही, ही चिंता नाही. उघडलं, मी घरी गेलो, आम्ही दोघं तिच्यापुढे उभे राहिलो, आणि तिनं नीट पाहून त्यालाच पास केलं तर —