बर्फातले डोळे

२ फेब्रुवारी

सर आज तबस्सुमला "व्वा!" म्हणाले. सगळ्या लॅबसमोर! मला इतक्या वर्षांत एकदाही नाही. माझ्या वाट्याला कायम "हं, ठीक आहे प्रतिभा, चालू ठेव."

केलं काय तिने? बुरशीने डोळा बिघडतो, त्यावरचे थेंब. बाटलीत पाण्यासारखे, डोळ्यात पडले की त्यांचं जेल होतं आणि तिथेच चिकटून राहतं. साधं औषध पापणी मिटली की वाहून जातं, म्हणून तासातासाला घालावं लागतं. माझं कामही तेच — मी फक्त पातळ फिल्म करते, खालच्या पापणीत सरकवायची, हळूहळू विरघळणारी. माझी कल्पना जास्त चांगली आहे. आहेच!

डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर दोघींपैकी एकच जाणार. महिनाअखेरीच्या प्रेझेंटेशननंतर सर ठरवणार.

३ फेब्रुवारी

तिला हा विषय सरांनी दिला. मला आईने दिला. छाटणीला गेली होती, द्राक्षाची काडी डोळ्याला लागली, मग बुरशी. रात्रभर मी आणि बाबा आळीपाळीने उठून थेंब घालायचो. तरी डोळा पांढरा पडला तो पडलाच. तबस्सुमच्या घरात कुणाच्या डोळ्यात साधं कुसळ गेलेलं नाही!

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

६ फेब्रुवारी

तिने डबा पुढे केला. "उपास आहे," म्हटलं. नंतर कँटीनमध्ये वडापाव खाताना तिने पाहिलं. हसली नुसती. ते हसणंच सहन होत नाही.

९ फेब्रुवारी

डोळे आणायची पाळी माझी. बोकडाचे. औषध कॉर्नियातून, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून, किती आत जातं ते आम्ही त्यांच्यावर बघतो. डोळे ताजेच लागतात. जुन्या नाशकातले मटणवाले हारुनभाई तबस्सुमचे सख्खे मामू. मला बघून म्हणाले, "तबस्सुमचे पण न्यायचे ना, बेटा? थांब, तिच्यासाठी एक नंबर काढतो."

एक नंबर! मटणवाल्याकडेही तिचाच वशिला!

डोकंच फिरलं. फ्रीजरमध्ये शिळे, दगडासारखे गोठलेले डोळे दिसले. "ते पण द्या. कुत्र्यासाठी." मामूंनी हसत हसत बांधून दिले.

लॅबमध्ये ताजे सगळे माझ्या डब्यात. गोठलेले मिठाच्या पाण्यात सोडून मऊ केले आणि तिच्या डब्यात ठेवले. उडू दे तिची फजिती.

१० फेब्रुवारी

सत्यानाश! तिचे आकडे धाडकन वर गेले!

आत्ता डोक्यात प्रकाश पडतोय. गोठलं की कॉर्नियाच्या पेशी फुटतात, त्याची चाळणी होते. मग त्यातून काहीही पलीकडे जातं — औषध कशाला, चहासुद्धा! मूर्ख मी! सर नाचायचेच बाकी होते. आणि तबस्सुमने आनंदाने मिठी कुणाला मारावी? मला!

खरं सांगावं तर मी मेले. गप्प बसावं तर प्रोजेक्ट गेलं.

१५ फेब्रुवारी

आईचा फोन. पिंपळगावला पॅकहाऊसमध्ये एका डोळ्याने द्राक्षं निवडते. "आपल्या शेजारच्या वत्सलाबाईच्या डोळ्याला बी तसंच झालंय गं. लय रडती. तुझं ते औषध निघालं का?"

म्हटलं, माझं नाही, दुसऱ्या एका मुलीचं आधी निघेल बहुतेक.

"कुनाचं का निघंना! गुण आल्याशी मतलब."

गुण येईल का, हे ठरवायचे आकडे मी नासवून ठेवलेत. उद्या सरांना सांगते.

१६ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

२७ फेब्रुवारी

प्रेझेंटेशन. तबस्सुम उभी राहिली आणि पहिलंच वाक्य — "सर, माझे आधीचे आकडे रद्द करा. ते कॉर्निया खराब होते. मी ताज्यांवर पुन्हा प्रयोग केलाय."

नवे आकडे आधीच्या निम्मे. तरी माझ्यापेक्षा जास्तच!

सर भडकले. "खराब डोळे वापरलेच कसे?"

"तपासून घ्यायला हवे होते, सर. चूक माझीच."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आणि मला काय वाटलं? सर तिच्यावर चिडले, बरं झालं! हेच वाटलं. इथे कशाला खोटं लिहू.

२८ फेब्रुवारी

प्रोजेक्ट तिलाच मिळालं. टपरीवर चहाचा ग्लास माझ्या हातात देत म्हणाली, "मामू गेल्या आठवड्यात विचारत होते, तुझ्या मैत्रिणीचा कुत्रा कसा आहे?"

मी टपरीवाल्याला दोघींच्या चहाचे पैसे दिले.

"यापुढे तुझेही डोळे मीच आणत जाईन," म्हणाली.