अकराव्या मजल्यावरची नात

सोमवार, ५ जानेवारी

आजपासून अपसामान्य मानसशास्त्र! पहिल्याच तासाला नियम जाहीर केला – या वर्गात स्वतःला, शेजारच्याला, घरच्यांना रोग चिकटवायचा नाही. चिकटवला तर उभं राहून गाणं म्हणायचं. पोरं हसली. हसू देत. आजारांची पुस्तकं वाचायला लागलं की सगळी लक्षणं आपल्याच अंगात दिसतात. कळेल त्यांना.

गुरुवार, ८ जानेवारी

कळलं! आज मंत्रचळ शिकवला आणि तास संपायच्या आत पुढच्या बाकावरची बडबडी उभी. "मॅडम, मी कुलूप दोनदा ओढून बघते. मला नक्की झालाय." मी विचारलं, त्यापायी कॉलेज बुडतं? झोप उडते? "छे!" मग तो आजार कसला? माणसाचं जगणं अडलं, तर काळजी करायची. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली रेघ मारली आणि बडबडीला गायला लावलं. महाबेसूर! पण शेवटपर्यंत म्हटलं. पोरगी खमकी आहे.

रविवार, ११ जानेवारी

लेकीचा व्हिडिओ कॉल. नातीने जांभई दिली, मी इकडे विरघळले. दवाखान्यात तळमजल्यावर पाहिली होती, तेवढीच.

"आई, तू येत का नाहीस?"

"गुडघे गं. अकरावा मजला तुमचा." त्यांच्याकडे लिफ्ट आहे, हे मला ठाऊक आहे. तीही लिफ्टचं नाव काढत नाही. बरंच आहे, तो विषय मला या डायरीतही नको. "तूच आण ना तिला खाली," म्हटलं, तर म्हणे बाळाला एवढ्यात बाहेरची हवा नको. हवा! असा राग आला! मी काय जगावेगळं मागितलं?

मंगळवार, १३ जानेवारी

भयगंड. तास फक्कड रंगला! म्हटलं, भित्रा माणूस भीतीची जागा टाळतो आणि त्या टाळण्याला गोंडस नाव देतो. मग भीतीची शिडी समजावली – एकेक पायरी जवळ जायचं, धडधड ओसरेपर्यंत पळायचं नाही. टाळ्या मिळाल्या. खुशीत जिना उतरले. गुडघे मात्र खुशीत नव्हते.

गुरुवार, १५ जानेवारी

फजिती! बडबडी उभी राहिली. "मॅडम, नियम मोडतेय. तुम्ही रोज गुडघे धरून तीन मजले चढता. लिफ्ट रिकामी असते."

"व्यायाम," मी.

"गोंडस नाव!" मागचे बाक एका सुरात.

चांगली झापणार होते. पण नातीची जांभई आठवली. जगणं अडलं, तर – माझंच वाक्य! सांगून टाकलं. लिफ्टचं दार मिटलं की वाटतं, हवा संपली, आता मी मरते. घरीही कुणाला बोलले नाही. लेक लहान होती तेव्हा तिचा हात घट्ट धरून जिनेच चढायचे, "जिना बरा" म्हणायचे. बोलता बोलता रडले. कुणी हसलं नाही. मग बडबडी म्हणाली, "आता गायचं कुणी?" दोघी मिळून गायलो. वर्गाने कान झाकले.

शुक्रवार, १६ जानेवारी

कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी शिडी आखून दिली. पहिली पायरी – लिफ्टचं दार उघडं ठेवून आत नुसतं उभं राहायचं. शिपायाने विचारलं, "मॅडम, वर की खाली?" म्हटलं, "कुठेच नाही." लांबूनच निघून गेला बिचारा.

मंगळवार, २० जानेवारी

एक मजला, बाईंचा दंड पकडून. किंचाळले. दार उघडलं तर अर्धा वर्ग स्वागताला! "पुन्हा," बाई म्हणाल्या. दुष्ट बाई! पुन्हा गेले.

गुरुवार, २९ जानेवारी

तिसरा मजला. एकटी! घाम फुटला, पण धडधड आधी दमली, मी नाही. बडबडीने मिठीच मारली.

शनिवार, ३१ जानेवारी

उद्या जाते. लेकीला कळवलं नाही. त्या बाहेरच्या हवेची चांगली जिरवायची आहे.

रविवार, १ फेब्रुवारी

पोचले! दारात लेक, तिच्या खांद्यावर नात. तोऱ्यात म्हटलं, "चला, तिघी लिफ्टने खाली जाऊ." लेक पांढरीफटक. "आई, मला नाही गं जमत. दवाखान्यातून आले ती डोळे मिटून, ह्याचा हात धरून. त्यानंतर खाली उतरलेच नाही." तिला जवळ घेतलं. आपण माझ्या बाईंकडे जाऊ म्हटलं, आणि त्यांना फोन लावला. मग आम्ही तिघी उघड्या लिफ्टसमोर उभ्या राहिलो. नुसत्या उभ्या. लेकीने माझा हात घट्ट धरला होता. तिला रोग चिकटवला, म्हणून नियमाप्रमाणे गाणं मीच म्हटलं. नात झोपली.