सहा सरळ खुंट्या

मी, श्रीमती सरोज विनीत आंबर्डेकर, वय छप्पन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार ठाकुर्ली पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी मला ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ म्हटले आहे. तीस वर्षे नववीला धातुरूपे शिकवल्यावर असे कोणी लेखी दिले, याचा आनंद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. ठाकुर्लीचे राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्या सासूबाई श्रीमती कलावती आंबर्डेकर, वय चौऱ्याऐंशी, यांना त्यात हयातभर राहण्याचा हक्क राहील. सून छप्पन्नची आणि सासू चौऱ्याऐंशीची, मग हे कलम कशाला, असे ज्याला वाटेल त्याने सासूबाईंना पाहिलेले नाही. त्या दोन जिने चढतात आणि वर पोचल्यावर मला धाप का लागली ते विचारतात. त्यांच्यानंतर घर माझा एकुलता एक मुलगा चि. ऋतुराज याचे.

२. बँकेत जे असेल ते ऋतुराजचे. दागिने माझी सून शिवानी हिचे. त्यातले एकही तिला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. खुशाल मोडून नवे करावेत. मी बघायला नसेन.

३. माझी नणंद मंजुळा हिने माझ्या लग्नात आलेला पितळी डबा अठरा वर्षांपूर्वी ‘दोन दिवसांसाठी’ नेला. तो डबा मी या मृत्युपत्राने तिला देत आहे. झाकण माझ्याकडे आहे. तेही द्यावे.

४. आता गिटार. माझे पती कै. विनीत बँकेत नोकरी करीत आणि शनिवार-रविवार हौसेने गिटार वाजवीत. २०१७च्या जुलैत ते हृदयविकाराने गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात मेथी निवडता निवडता मला म्हणाले होते, “सरोज, तारांची एक वेगळीच जुळणी सापडतेय. पुरती जमली की ऐकवतो तुला.” गिटारच्या तारा एका ठरलेल्या पद्धतीने लावतात, त्या वरखाली केल्या की बोटांची सगळी घरे बदलतात, एवढे मला तेव्हाही कळत होते. ऐकवायचे राहून गेले.

पुढच्या मे महिन्यात मी गिटारची पिशवी उघडली आणि सहाही तारांवरून अंगठा फिरवला. जे निघाले ते मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. मला वाटले, हीच ती. स्वर वहीत उतरवून घेतले, ते असे. जाड तारेपासून: मंद्र षड्ज, मंद्र पंचम, मध्य षड्ज, शुद्ध गंधार, धैवत, आणि सगळ्यात बारीक तारेवर कोमल गंधार. दोन्ही गंधार एकाच घरात, सासू-सुनेसारखे. द्विवचनाची सवय असल्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही.

सात वर्षे मी त्या जुळणीत हिंडले. कुठे बोट ठेवले की दोन गंधार भांडत नाहीत, कुठली तार मोकळी सोडली की अनुष्टुभाचा चरण तिच्यावर आपसूक बसतो, याच्या दोन वह्या भरल्या. ऋतुराज वडील गेल्यापासून घरात कामापुरते बोलत असे. एका रविवारी तो नौपाड्याहून आला, मी वाजवत होते, त्याने गिटार मागून घेतली आणि दुपारी उशिरा जेवायला उठला तो बोलतच. तेव्हापासून दर रविवारी येतो. पिशवीवर त्याने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘बाबांचं ट्यूनिंग. कोणीही हात लावू नये.’

५. डोंबिवलीत क्लास घेणारे साईनाथ सर, वय सव्वीस, यांच्याकडे मी सुरुवातीला शिकायला गेले. त्यांनी गिटार हातात घेतली आणि माझ्याआधी तिचा इलाज सुरू केला.

“काकू, ही पूर्ण उतरलीय.”

“उतरलेली नाही. अशीच आहे.”

“अशी नसते, काकू.”

“आहे ना. समोरच आहे.”

तीन गुरुवार त्यांनी ती मला न विचारता ‘बरी’ केली आणि तीन गुरुवार मी घरी येऊन वही बघून पुन्हा आजारी पाडली. चौथ्या गुरुवारी गेले नाही. गिटार धरायची कशी, हे मात्र त्यांनीच शिकवले. म्हणून माझा तारा जुळवण्याचा ट्यूनर त्यांना द्यावा. त्यांची त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त श्रद्धा आहे.

६. हे कलम ऋतुराजसाठी आहे. सासूबाईंसमोर मोठ्याने वाचू नये.

दर दसऱ्यानंतर गिटार थोडी बेसूर होत असे. मी हवेला दोष देऊन वहीप्रमाणे पुन्हा लावत असे. यंदा दसऱ्याला मी आपट्याची पाने आणायला गेले आणि बाजाराची पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. पाटापाशी सासूबाई बसल्या होत्या. पाटी, माझ्या वह्या आणि शेजारी गिटार. मऊ लुगड्याच्या तुकड्याने ती पुसून झाली होती आणि त्या एकेक खुंटी फिरवत होत्या.

“आई, काय करताय हे?”

“अगं, बघ ना, सहाच्या सहा वाकड्या. पूजेला अशी ठेवायची का? सरळ करते.”

“दर वर्षी करता?”

“मग! दुसरं कोण करणार? विनू गेला त्या वर्षी सण नव्हता आपल्याकडे. पूजा नाही केली. नुसती पुसली आणि सरळ करून ठेवली. त्याला मेल्याला कधी चप्पल सरळ काढता आली नाही, खुंट्या कुठल्या ठेवतोय!”

आणि मग त्या पुसलेलीच खुंटी पुन्हा पुसू लागल्या. गेलेल्या मुलाला ‘मेल्या’ म्हटले, हे त्यांच्या लक्षात आले असावे. मी म्हटले, “छान दिसताहेत.”

तर ऋतुराज, आपण जिला बाबांची म्हणतो ती जुळणी बाबांची नाही. आजीने खुंट्या एका रांगेत आणल्या, त्यातून ती निघाली. बाबांना काय सापडले होते ते त्या पहिल्या दसऱ्यालाच गेले. आता कोणाला कळायचे नाही. हे तुला तोंडी सांगायची मी दोनदा तयारी केली. दोन्ही रविवारी तू डोळे मिटून वाजवत होतास. मी आत जाऊन पोहे केले. याला भित्रेपणा म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही. रागवायचे असेल तर माझ्यावर रागव. मी समोर नसेन, ही सोय मृत्युपत्रातच मिळते. आजीला मात्र एक शब्द बोलायचा नाही.

आणि पुढचे ऐक. त्या दसऱ्याला पूजा झाल्यावर मी गिटार उचलली आणि वही न उघडता, आईंनी ठेवली तशीच वाजवली. बारीक तार वर जाऊन मध्यमाला टेकली होती, धैवत घसरला होता. बोटांना एकही ओळखीचे घर सापडेना. अर्ध्या तासाने एक सापडले, मग त्याच्या शेजारचे. आतून सासूबाई म्हणाल्या, “आज बरं वाजतंय गं.” सात वर्षांत पहिल्यांदा. मला त्या दिवशी विनीतचा तो मेथी निवडतानाचा चेहरा आठवला. त्यालाही असेच काहीतरी झाले असणार. तेवढे त्याचे माझ्यापर्यंत पोचले, असे मी समजते.

७. गिटार आणि दोन्ही वह्या ऋतुराजच्या. पिशवीवरची चिठ्ठी त्याने स्वतः काढावी. पहिल्या वहीवर मी ‘विनीतची जुळणी’ असे लिहिले होते. खाडाखोड केलेली नाही, खाली ‘आणि आईंची’ एवढे वाढवले आहे. दर दसऱ्याला गिटार आजीपुढे न्यावी, तिला पुसू द्यावी, खुंट्या सरळ करू द्याव्यात आणि सूर्यास्तापर्यंत जशी लागली असेल तशी वाजवावी. दुसऱ्या दिवशी वहीप्रमाणे लावायची की नाही, हे तुझे तू ठरव. आजी नसेल त्या वर्षी खुंट्या तू सरळ कर. कानाने नाही, डोळ्याने.

८. या सगळ्याची अंमलबजावणी शिवानीने करावी. घरात वेळेवर कामे करणारी ती एकटीच आहे.

ज्यांना काही मिळते त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून सासूबाईंची सही घेतलेली नाही. सही करताना त्या हजर होत्या, त्यांचा चष्मा मात्र आत होता. कागद टेबलावर तिरपे पडले होते. ते त्यांनी सरळ करून दिले.

स्थळ: ठाकुर्ली
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

(सही) सरोज विनीत आंबर्डेकर

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली आणि आम्ही आमच्या सह्या त्यांच्यासमोर केल्या.

साक्षीदार १: (सही) देवराम भोईर, शेजारी
साक्षीदार २: (सही) स्वप्ना गांगुर्डे, सहशिक्षिका