तिसाव्या दिवसाच्या आत

प्रिय साक्षी,

सोमवारी तुझ्या आईशी बोलले. शांभवी आता पालथी पडते, खुळखुळा वाजला की मान वळवते, असं म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं, ती आवाजाकडेच वळणार. आठ महिन्यांची झाली पोर. तू तिला घेऊन नायगावला माहेरी गेलीस त्यालाही तीन महिने झाले, आणि नणंद म्हणून मी तुला एक फोनसुद्धा केला नाही.

हैदराबादच्या दवाखान्याचा कागद आलाय. रुद्रेश बाप असूनही तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते. दोन ऑपरेशनं करूनही डाव्या डोळ्याचा पडदा पुन्हा सुटला. तिसरं करून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी लिहिलंय. उजवा तर आधीच गेलाय, तुला ठाऊकच आहे. बॅटरीचा उजेड तेवढा कळेल तिला, कदाचित. हे वाचताना आईला जवळ बसव.

नांदेडच्या दवाखान्यातली ती काचेची पेटी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अडीच महिने आधी जन्मलेली, सव्वा किलोची शांभवी, नाकाला ऑक्सिजनची नळी. पेटीच्या भोकातून तू एक बोट आत घालायचीस आणि ती ते धरायची. पंचविसाव्या दिवशी सुट्टी मिळाली तेव्हा अहमदपूरच्या घरी केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी दुपारी तुझा फोन आला. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "ताई, कार्डावर लिवलंय, तिसाव्या दिवसाच्या आत डोळ्याचा पडदा तपासून घ्या म्हणून. अव्वा म्हणतात, सव्वा महिना लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई. तुम्ही तर तेच काम करून राहिल्या, काय करू?"

मी तेच काम करते, साक्षी. लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आठ वर्षं पडद्याचे फोटो काढते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात, पुढे त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सोडवतात. वेळेत दिसलं तर लेसर करून थांबवता येतं. अशा कितीतरी बाळांच्या डोळ्यांत मी थेंब घातलेत, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धरल्यात, आणि दाराबाहेर रडणाऱ्या आयांना सांगितलंय की बाई, तीस दिवस चुकवू नको. आणि तुला मात्र मी म्हणाले, "अव्वाचं मन मोडू नको. सव्वा महिना होऊ दे, मग मीच बघते."

का म्हणाले? मी लग्नाला नाही म्हटलं म्हणून अव्वा, माझी सख्खी आई, माझ्याशी दोन वर्षं बोलत नव्हती. शांभवी झाली तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःहून फोन केला. "मंजू, बारशाला ये," म्हणाली. ते बोलणं पुन्हा तुटू नये, एवढंच माझ्या मनात होतं. आपल्या घरात असं काही होत नसतं, अशी समजूतही काढली स्वतःची. मग सव्वा महिना झाला, बाळाला सर्दी झाली, बारसं झालं, माझी शिबिरं निघाली. तू दोनदा आठवण दिलीस. दोन्ही वेळा मी पुढच्या आठवड्यात म्हणाले.

अडुसष्टाव्या दिवशी कॅमेरा माझ्याच हातात होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल उजेड दिसायला हवा, तिथे नुसतं पांढुरकं दिसलं. आमच्या डॉक्टर सरांच्या आधी मला कळलं. सर एवढंच म्हणाले, "महिन्याच्या आत आणलं असतं तर लेसर झालं असतं. का नाही आणलं?" तू माझ्याकडे पाहिलंस. रुद्रेश शेजारी होता. मी मान खाली घालून कॅमेरा पुसत राहिले. आणि तू म्हणालीस, "माझ्या ध्यानात न्हाई राहिलं, सर."

त्या एका वाक्यावर घराने तुला दोषी धरलं. अव्वा येईल-जाईल त्याला सांगते की आईच्या हलगर्जीपणाने लेकरू आंधळं झालं. रुद्रेश तुझ्या हातचं जेवेनासा झाला. हे सगळं मला माहीत होतं. दर रविवारी मी त्या घरात जेवून येत होते.

या रविवारी रुद्रेश, अव्वा आणि घरातले वडीलधारे म्हणून धोंडप्पाकाका नायगावला येणार आहेत. शांभवीला बघायला नाही, तुझ्याकडून फारकतीवर सही घ्यायला. काल मी अहमदपूरला जाऊन अव्वाला सगळं सांगितलं. "भावजयीला वाचवायला खोटं बोलून राहिलीस," म्हणाली आणि आत निघून गेली. रुद्रेश फोन उचलत नाही. मी तुझी माफी मागत नाही, तो हक्क मला नाही. पण ते येऊन बसले की हे पत्र काकांच्या हातात दे आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांग. तोंडी बोललेलं उद्या कुणीही फिरवील, म्हणून कागदावर लिहून खाली पूर्ण नावाने सही केली आहे. मीही रविवारी पहिल्या एसटीने निघते आहे. घरात घेतलं नाहीस तर बाहेर उभी राहीन.

तुझीच अपराधी,
मंजुषा गुरुपादप्पा पाटणे