साहेबांच्या सावलीतला पंप

तीर्थस्वरूप छगननाना यांस,

धर्मेंद्रचा नमस्कार. आपला खोकला कसा आहे? धुळ्याच्या दुकानात दिवसभर फ्लेक्सच्या शाईचा वास घेऊ नका, असं वहिनींनी आणि मी किती वेळा सांगितलं. (वहिनींचा गुडघा बरा असावा.)

इकडे सोनगीरच्या अलीकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण मी घाबरलोय. मी, धर्मेंद्र! ज्याने भर सभेत अधिकाऱ्यांना घाम फोडला, तो आज बोलायचं सोडून पत्र लिहितोय.

कारण सोमवारी नवे आमदार येताहेत. टाकीजवळचा पाण्याचा सौरपंप पहिल्या आमदारांनी बसवला, तेव्हा मी सूर्याच्या जन्मापासून सुरुवात करून पाऊण तास बोललो. सूर्याला पक्ष नसतो, असं गरजलो. मग ते निवडणुकीत पडले. दुसऱ्यांना हा पंप आधीच्यांचा वाटला. एक वायर जळाली, तिची फाईल तालुक्याला आठ महिने झोपून राहिली. पुढे योजनेचं नाव बदललं, वायर चार दिवसांत बसली आणि त्याच पंपाचं पुन्हा उद्घाटन झालं. मीही तेच भाषण केलं. (साहेब बदलले, सूर्य तोच ठेवला.)

आता तिसरे, त्याच पंपाचा नळ फिरवायला. आमच्या गावची रीत अशी, की जुन्या साहेबांचा फ्लेक्स उतरवायचा नाही. न जाणो, परत निवडून आले तर? म्हणून नव्यांचा फ्लेक्स जुन्यांच्या डोक्यावर बांधायचा. रस्ता दक्षिणेला, म्हणून फ्लेक्स दक्षिणेला, आणि पंपाला वीज देणाऱ्या पॅनेलची तोंडंही दक्षिणेलाच! दुसऱ्या साहेबांच्या सावलीने टाकी अर्धीच भरू लागली. काल तिसऱ्यांसाठी बांबू वाढवले, मापाला ताडपत्री टांगली, आणि भर दुपारी पंप बंद पडला.

नळापाशी वच्छलाबाई तीन रिकामे हंडे घेऊन उभी होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, तुन्हं भाषण बठ्ठं आयकं, पन पानी कोठे शे?" नाना, माझं सगळं भाषण ऐकलेली बाई पाणी कुठे आहे विचारते, आणि मी टाकीमागून सटकलो. (असं कधी झालं होतं का?)

सोमवारी साहेब नळ फिरवतील आणि थेंब पडणार नाही. मग पंप निकामी ठरेल आणि पॅनेल उचलून दुसऱ्या गावाला जातील. ग्रामसेवक भूषण म्हणतो, वरून तशी विचारणा आधीच झाली आहे. मग वच्छलाबाईला उन्हातान्हात नाल्यापलीकडच्या विहिरीवर जावं लागेल, आणि तिच्यामागे अख्ख्या गावाला. फ्लेक्स हलवा म्हणावं, तर मी जुन्यांचा माणूस ठरतो आणि मग पंप नक्कीच जातो. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडायची भीती वाटते आहे.

आपला,
धर्मेंद्र

ता. क. सोमवारचा फ्लेक्स आपल्याच दुकानात छापायला आल्याचं कळलं. त्याची उंची दहा फूट सांगितली आहे, ती तीन करा. रुंदी हवी तेवढी वाढवा, साहेब आडवे छापले तरी हरकत नाही. कुणी विचारलं तर मशीन बिघडलं म्हणा. माझं नाव नको.

ता. क. २. हे पत्र फाडून टाका.

ता. क. ३. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात 'प्रखर वक्ते' म्हणून माझा फोटो आहे. साहेब कितीही लहान झाले तरी तो आहे तेवढाच ठेवा. त्याची सावली पॅनेलवर पडत नाही. मी स्वतः तिथे उभं राहून खात्री केली आहे.