पट्टे कपाटात, माणूस पत्र्यावर

बुधवार, १० सप्टेंबर

फार दिवस या वहीकडे फिरकलो नाही, माझंच चुकलं. आज किळस आली म्हणून लिहायला बसलो.

मच्छे गावातल्या आमच्या कारखान्यात उंचीवर चढणाऱ्यांना सकाळी मी सुरक्षा पट्टा बांधायला शिकवलं. फोटो निघाले. लगेच मालकांनी नवे पट्टे कपाटात कोंडले. "खंडेनवमीला पुजूया, मग वापरा."

दुपारी त्या शिकलेल्यांतलेच परशाअण्णा शेडच्या पत्र्यावर पट्ट्याशिवाय तसेच चढले. खाली उतरा म्हणालो, तर वरून म्हणतात, "सर, पट्ट्याला हार चढायच्या आदी माझ्या फोटोला चढला न्हाय म्हंजे झालं!"

सगळे हसले. मीही हसलो, त्याचीच जास्त किळस येते. मग शिकवलं कशाला? फोटोसाठी?

उद्या: अण्णांनी शिडीला हात लावायच्या आत कपाट उघडायचं, किल्ली दिली नाही तर कुलूप तोडून.